घरात पक्षी आहेत का?

डॉक्टरांनी विचारलं, "घरात पक्षी आहेत का? पोपट, कबुतरं, कोंबड्या वगैरे?" आणि आई म्हणाली, "नाही."

बाबा शेजारच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी खाली वाकून चपलेचा पट्टा सरळ केला. हे मला वर्षभराने त्यांच्याच तोंडून कळलं, कारण त्या दिवशी मी काशीमीऱ्याच्या गोडाऊनमध्ये ट्रकांच्या नोंदी करत बसले होते. आई धडधडीत खोटं बोलली असं कुणीही म्हणेल. मीही म्हटलं, आवाज चढवून म्हटलं. पण तिच्या लेखी ते खोटं नव्हतंच. तिच्या बाल्कनीत पक्षी येत नव्हते. कौस्तुभ यायचा.

कौस्तुभ माझा धाकटा भाऊ. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. "ताई, जिना न चढताच दम लागतोय," असं मला फोनवर म्हणाला आणि हसला. बाबा त्याला रिक्षात घालून हॉस्पिटलं पालथी घालत फिरले. खाट मिळाली ती फार उशिरा. शेवटी चेन लावलेली एक पिशवी लांबून दाखवली आणि हाच तुमचा, असं सांगितलं. आईने ते कधी मनापासून मानलं नाही. पिशवीत कोण होतं हे तिने पाहिलं नव्हतं.

दहावं घरातच केलं. रस्त्यावर पोलीस होते आणि खाडीवर जाऊ देतील का, हे विचारायचंसुद्धा बाबांच्यात त्राण नव्हतं. गुरुजी वसईचे, ते फोनच्या स्क्रीनवर. मी फोन धरून उभी. चौथ्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीच्या कठड्यावर पान ठेवलं. भाताचा पिंड, तीळ, दही, आणि कौस्तुभला आवडायचा म्हणून एक बटाटेवडा. मग आम्ही कावळ्याची वाट बघत बसलो.

भाईंदरला कावळे आहेत, मासळी बाजाराकडे तर पैशाला पासरी. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये नाहीत. चारी बाजूंनी बिल्डिंगा, मधे पार्किंग. ऊन चढलं, वडा कडक झाला. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला त्याच्याशी. बाबा म्हणाले, "तुझी बाईक विकणार नाही रे." काही आलं नाही. आई म्हणाली, "तुझी खोली तशीच ठेवीन." तरी काही नाही. गुरुजी म्हणाले, हरकत नाही, दर्भाचा कावळा करा, शास्त्राला तोही चालतो. "नको," आई म्हणाली, "खराच येईल." मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी पानाकडे बघून म्हटलं, "कौस्तुभ, आईला मी सांभाळीन."

तेवढ्यात एक कबुतर आलं, कठड्यावर बसलं आणि पिंडातली शितं टिपायला लागलं.

"कबुतर नाही चालत हो," असं काहीतरी गुरुजी म्हणत होते, पण त्यांचं नेटवर्क गेलं. आणि आई ऐकतच नव्हती. ती कबुतराच्या पायाकडे बघत होती. त्याच्या डाव्या पायाचं एक बोट आखडून वाकडं झालेलं होतं. क्रिकेट खेळताना कौस्तुभच्या डाव्या पायाचं बोट मोडलं होतं आणि ते वाकडंच जुळलं होतं. आई मला म्हणाली, "आला बघ."

अर्ध्या भाईंदरच्या कबुतरांची बोटं पतंगाच्या मांज्यात अडकून वाकडी झालेली असतात. पण त्या घडीला हे कोण सांगणार होतं? ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेत होती.

दुसऱ्या दिवशी ते परत आलं. आईने ज्वारी टाकली. मग ते रोज यायला लागलं आणि एकटं कशाला येईल, आपलं खटलं घेऊन आलं. शेजारच्या ममताबेन ज्वारीची पिशवी आणून द्यायच्या आणि म्हणायच्या, "बहु पुण्यनुं काम छे, हंसाबेन." आई त्यांना कधीच सांगायची नाही की हे पुण्यबिण्य काही नाही, मी माझ्या पोराला वाढतेय. एसीच्या मागे घरटी झाली. वॉशिंग मशीनवर, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांवर, कौस्तुभच्या सायकलवर पांढरी-हिरवी पुटं चढली. आई रोज सकाळी कोरडा झाडू घेऊन ते सगळं खरवडून झाडायची. धूळ उन्हात तरंगत राहायची आणि ती त्या धुळीत उभी राहून वाकड्या बोटाच्या कबुतराशी बोलायची. ऑफिसची चौकशी करायची, सून कधी आणतोस, असं विचारायची. बाबा आत पेपर वाचत बसायचे. त्यांना यातलं काही पटत नाही, असं मला वाटायचं.

खोकला सुरू झाला तो असाच, कोरडा. कफ नाही, ताप नाही, नुसती ढास. त्याचं खापर फोडायला भाईंदरमध्ये जागांची काय कमी? मेट्रोचं काम चालू होतं, त्याची धूळ. हायवेच्या ट्रकांचा धूर. मी काशीमीऱ्याहून थेट आईकडे यायचे, तर माझ्या ओढणीवरसुद्धा संशय. "रसिका, ते कपडे बदल आधी, डिझेलचा वास येतोय," असं बाबा म्हणायचे. अडुळसा झाला, वाफ झाली, ज्येष्ठमध झाला. खालच्या डॉक्टरांनी सिरप दिलं, त्यांनी पाठवलेल्या छातीच्या डॉक्टरांनी दमा ठरवून पंप दिला. तेच ते पक्ष्यांचं विचारणारे. नाही म्हटल्यावर त्यांनी तरी काय करायचं? रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं वर्षभर चाललं.

मधे आई मावशीकडे अलिबागला राहून आली. तिथे खोकला चक्क थांबला. विहिरीचं पाणी ओढलं म्हणाली, दम लागला नाही. सगळे म्हणाले, समुद्राची हवा मानवली. घरी परतली आणि आठवड्यात पुन्हा ढास. सगळे म्हणाले, बघा, भाईंदरची हवाच खराब. हवा खराब आहेच. पण त्या बाल्कनीचा विचार आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नाही. म्हणजे मला तसं वाटत होतं.

पुढे पुढे ती भाजी चिरताना मधे थांबायची. वाक्य अर्धं बोलून थांबायची. नखं फुगीर, गोल झाली. बाथरूममधून आली की पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसायची. कौस्तुभच्या वेळचं ते बोटाला लावायचं यंत्र बाबांनी कपाटातून काढलं. आकडा बघितला आणि यंत्राचा सेल गेलाय म्हणून ठेवून दिलं. सेल गेला नव्हता. मग मी तिला मीरा रोडला छातीच्या दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर मृणालिनी माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी आईच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला, डोळे मिटून ऐकलं, मग तो मला ऐकायला दिला. आई श्वास घेत होती तेव्हा आत चिकटपट्टी ओढून काढल्यासारखा आवाज येत होता. माझ्या आईच्या आतून असा आवाज येतो हे मला माहीत नव्हतं. त्यांनी स्कॅन करून आणायला सांगितलं. स्कॅन बघितल्यावर तोच प्रश्न विचारला.

"घरात पक्षी आहेत का?"

"नाही," आई म्हणाली.

"नाही काय, आई? पंचवीस तरी कबुतरं असतील बाल्कनीत."

आई माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "ती त्याच्याबरोबर येतात."

मग मला सगळं सांगावं लागलं. दहावं, वडा, वाकडं बोट. परक्या बाईसमोर ते सांगताना मला लाज वाटत होती आणि रडूही येत होतं. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची आईजवळ ओढली.

"हंसाताई, फुप्फुस म्हणजे रिकामा फुगा नसतो," त्या म्हणाल्या. "आत कोट्यवधी बारीक फुगे असतात, द्राक्षाच्या घडासारखे लागलेले. त्यांच्या भिंती कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. भिंतीच्या आत हवा, बाहेर रक्त. त्या पापुद्र्यातून प्राणवायू रक्तात जातो आणि रक्तातली खराब हवा बाहेर येते. सगळं जगणं त्या पापुद्र्यावर चाललेलं असतं. म्हणून शरीर त्याची राखण करतं. नाकातले केस मोठी धूळ अडवतात, श्वासनळीतली लव उरलेली धूळ कफात धरून वर ढकलते. पण कबुतराच्या वाळलेल्या घाणीची आणि पिसांची धूळ इतकी बारीक असते की ती सगळ्यांना चुकवून थेट तळाला जाते. बऱ्याच जणांना तिने काही होत नाही. तुमच्या शरीराला मात्र ती शत्रू वाटते. ते रोज तिच्याशी लढतं, आणि लढाई त्या पापुद्र्यावरच होते."

आईच्या मनगटावर तेलाने भाजल्याचा जुना व्रण होता. डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला आणि व्रणाची कातडी दोन बोटांनी ताणून दाखवली. ती ताणली गेली नाही. "आत असं होतंय. श्वास घ्यायचा म्हणजे फुगा ताणला जायला हवा. व्रण ताणत नाही, आणि त्यातून प्राणवायूही जात नाही. थोडी अजून नुसती सूज आहे, ती औषधाने उतरेल. व्रण झालेत ते झाले. पण नवे होऊ द्यायचे नाहीत. कबुतरं गेली पाहिजेत, आजच. आणि ती बाल्कनी कोरडी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. तुम्ही नाही, दुसऱ्या कुणीतरी."

आई बराच वेळ स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "म्हणजे माझ्या शरीराला तो शत्रू वाटतो?"

"शरीराला माणसं ओळखता येत नाहीत, हंसाताई."

"मला येतात," आई म्हणाली.

घरी आल्यावर मी बाल्कनीचं दार लावलं आणि कडी घातली. आई पलंगावर बसून धापा टाकत होती. धापांच्या मधून ती बोलली. "एकदा हॉस्पिटलातून हाकललं त्याला. खाट नाही म्हणून. आता मीपण हाकलू?"

"आई, ते कबुतर आहे."

"हो ना. तुला कबुतरच दिसणार."

"मला माझी आई दिसतेय, तिला श्वास येत नाहीये. मी त्याला शब्द दिलाय, तुझ्यासमोर दिलाय, आईला सांभाळीन म्हणून."

"म्हणून तर आला तो," ती म्हणाली.

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, "तो गेला, आई. मी उरलेय. मी आहे ना? माझ्यासाठी श्वास घे की. की मी मेल्याशिवाय तुझ्या हिशोबातच नाही?" बाबा म्हणाले, "रसिका." एवढंच म्हणाले. आणि मग, का कोण जाणे, तेव्हाच त्यांनी त्या पहिल्या डॉक्टरांची गोष्ट सांगितली. आई नाही म्हणाली आणि ते गप्प राहिले, ती. मी विचारलं, तुम्ही का नाही बोललात? बाबांनी बाल्कनीच्या दाराकडे बघितलं. "मला वाटलं, असेलही," ते म्हणाले.

म्हणजे घरात शहाणं माणूस एकच होतं, आणि ते दुसऱ्या घरी राहत होतं.

पुढचे काही महिने तडजोडीत गेले. आई मास्क लावून ज्वारी टाकायची. मग मास्कमध्ये दम लागतो म्हणून हनुवटीवर ओढायची. बाबा ओलं फडकं फिरवायचे, कठडा पुसायचे, घरट्यांना हात लावायचे नाहीत. मी आले की दार बंद, गेले की उघडं. थंडीत एका सकाळी आईचे ओठ निळे पडले आणि तिला ऍडमिट करावं लागलं. या वेळी खाट मिळाली. ऑक्सिजनही मिळाला, भिंतीतून, हवा तेवढा. बाबा त्या भिंतीवरच्या नळाकडे एकटक बघत उभे होते आणि ते कशाचा विचार करतायत हे विचारायची मला गरज नव्हती.

ती हॉस्पिटलात असताना मी जाळी मारून घेतली. वरातीमागून घोडं, पण मारली. कोरोनाच्या वेळचे मास्क अजून कपाटात पडून होते, ते लावून मी सगळी बाल्कनी पाणी मारून धुतली. सायकल धुतली. घाणीखाली तिचा रंग निळा आहे हे मी विसरून गेले होते. एसीच्या मागच्या एका घरट्यात दोन अंडी निघाली. जाळीवाला म्हणाला, "फेंक दूँ?" बाबा पुढे आले, ती अंडी ओंजळीत घेतली आणि गच्चीवर टाकीच्या आडोशाला नेऊन ठेवली. असं नेलेल्या अंड्यांवर कबुतर परत बसत नाही. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

आई घरी आली ती ऑक्सिजनच्या मशीनसकट. मशीन दिवसभर घरघरायचं. त्याची नळी बाल्कनीच्या दारापर्यंत पुरायची, त्यापुढे नाही. पहिल्याच दिवशी ती दारापर्यंत गेली आणि जाळी बघून उभी राहिली. वाकड्या बोटाचं कबुतर बाहेरून जाळीवर येऊन आपटत होतं, परत खालच्या छज्ज्यावर बसत होतं, परत येत होतं. मी तिच्या मागे उभी होते. मला वाटलं ती रडेल, भांडेल. माझ्याशी ती पुढे कितीतरी दिवस बोलली नाही. पाणी हवं असलं तर बाबांना हाक मारायची. कबुतर आठवडाभर येत राहिलं, मग यायचं थांबलं.

आणि ती सुधारली. हे सांगायलाच हवं. कबुतरं गेली, गोळ्या चालू झाल्या, खोकला कमी झाला. एकदा मी गेले तर ती नळी खांद्यावरून मागे टाकून ओट्याशी उभी होती, आमटीला फोडणी देत होती. "मीठ बघ गं," म्हणाली. किती दिवसांनी ती माझ्याशी बोलली होती. मीठ जास्त झालं होतं. मी म्हटलं, बरोबर आहे. मी घरी जाताना रिक्षात हसत होते, रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं. मला वाटलं, मी शब्द पाळला.

पावसाळ्यात तिला साधी सर्दी झाली. तुम्हाआम्हाला होते तशी, बाबांना झाली तीच. बाबांची चार दिवसांत गेली. आईची छातीत उतरली आणि उरलंसुरलं घेऊन गेली. डॉक्टर मृणालिनींनी मला केबिनबाहेर पॅसेजमध्ये नेऊन सांगितलं, "उतरण्यासारखी सूज होती ती उतरली होती. त्यामुळे त्या बऱ्या वाटत होत्या. आता राहिलेत ते व्रण, आणि ते वाढतायत. कधीकधी एकदा सुरू झाले की कारण काढून टाकलं तरी ते थांबत नाहीत."

"वर्षभर आधी कबुतरं काढली असती तर?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "फरक पडला असता." खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी मशीनचा आकडा वाढत गेला आणि आई कमी होत गेली. पापुद्र्याने प्राणवायू घ्यायला नको का? नळीतून कितीही सोडा. ती आडवी होऊ शकायची नाही, तक्क्याला टेकून बसून झोपायची, खांदे वर-खाली होत असायचे. श्वास घेणं हे काम असतं हे मला तिच्याकडे बघून कळलं. आपण ते फुकट करतो. एका दुपारी तिने मला जवळ बोलावलं. एकेक शब्द सुटा सुटा बोलली.

"जाळी. काढ."

"आई."

"आता. काय. बिघडणारे."

मी डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, "डॉक्टर म्हणून मी हो म्हणू शकत नाही." मग म्हणाल्या, "त्या काय म्हणतायत?" मी फोन ठेवला, ओट्यावरची कात्री घेतली आणि जाळी कापली. नायलॉन चिवट असतं, बोटांना वळ उठले. सहा-सात फूट कापून बाजूला केली, स्टीलच्या ताटलीत ज्वारी घातली आणि कठड्यावर ठेवली. आई पलंगावरून बघत होती.

काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. कबुतरांनी केव्हाच समोरच्या विंगचा आसरा धरला होता. तिथल्या कठड्यांवर ती रांगेने बसलेली दिसायची, घुमायची, आमच्याकडे बघायचीसुद्धा नाहीत. मी ऑफिसला सुट्टी टाकली होती. बाल्कनीत उभी राहून मी समोरच्या कबुतरांना हात करायचे, मुठीने ज्वारी दाखवायचे, ये ये करायचे. जी माणसं मला बघत असतील त्यांना काय वाटलं असेल ते वाटो. मी देवाला म्हटलं, वाकडं बोट नको, सरळ बोटांचं पाठव, कुठलंही पाठव. आई संध्याकाळी विचारायची, "आला?" आणि मी म्हणायचे, "येईल."

मग एकदा तिने विचारलंच नाही. नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "रागावला."

ते मला सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला गुंगी आली तेव्हा मी बाल्कनीत जाऊन ताटलीतली ज्वारी मुठीने उचलली आणि डब्यात परत टाकली. ती जागी झाल्यावर ताटली तिच्यासमोर धरली. "बघ. येऊन गेला. तू झोपली होतीस. सगळं खाल्लंन."

आईने ताटली हातात घेतली. तिने ताटलीवरून अंगठा फिरवला, मग माझ्याकडे पाहिलं.

"पुसलीयेस," ती म्हणाली.

मी पुसली होती. ओल्या फडक्याने. बाल्कनीतलं काहीही आत आणायचं तर पुसून आणायचं, ही सवय माझ्या हाताला लागली होती. मला कळलंसुद्धा नव्हतं.

"कबुतरं. घाण. करून जातात. गं." ती रागावलेली नव्हती. रागवायला श्वास लागतो. तिने ताटली मांडीवर ठेवली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताखाली ती चिकटपट्टी सुटत होती, सुटत होती. त्यानंतर तिने कौस्तुभचं नाव काढलं नाही, आणि माझंही नाही. भाद्रपदात ती गेली.

तिचं दहावं खाडीवर केलं, रीतसर, गुरुजी समोर बसलेले. पान ठेवायचा अवकाश, कावळा आला. कुणाला काही बोलावंसुद्धा लागलं नाही. नातेवाईक म्हणाले, सुटली बिचारी, काही मागणं राहिलं नव्हतं. मला तसं वाटत नाही. तिने मागणं सोडून दिलं होतं, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

जाळी तशीच फाटकी राहिली. बाबा म्हणायचे, बघू, दिवाळीनंतर बघू. मी दर रविवारी जाते. परवाच्या रविवारी दार ढकलून आत गेले तर घर शांत होतं. मशीन परत केल्यापासून ती शांतता मला नकोशी वाटते. बाबा बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते. कठड्यावर दोन कबुतरं होती. एकाचंही बोट वाकडं नव्हतं, मी आधी तेच बघितलं.

मी कोपऱ्यातला झाडू उचलला.

"राहू दे," बाबा म्हणाले. "दोघं येतात आता."

मला सगळं माहीत आहे. कोट्यवधी फुगे, कांद्याचा पापुद्रा, धूळ कुठे जाते आणि काय करते. मी ते सगळं बाबांना सांगणार होते, आणि त्यांनाही ते माझ्याइतकंच माहीत होतं. बोलता बोलता ते मधेच थांबले आणि खोकले. कोरडा खोकला. रुमालाने तोंड पुसून त्यांनी शेजारचा डबा उघडला, मूठभर ज्वारी काढली आणि माझा हात धरून तळव्यावर ठेवली.

"तिला तू घाल," ते म्हणाले. "तुझ्यावर रुसून गेलीये."

मी झाडू भिंतीला टेकवला आणि घातली.